कोळ्यावर आलेला आळ

२ ऑक्टोबर, बुधवार. सरकारी सुट्टी, सर्वपित्री अमावास्या, आणि माळ्यावरून बाहुल्यांची ट्रंक खाली काढायची होती. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते.

म्हैसूरमधल्या जुन्या घरांतून दसऱ्याला पायऱ्या करून त्यांवर बाहुल्या मांडतात. अग्रहारातल्या आमच्या घरातही मांडतात. माझ्या सासरची माणसं घरात मराठी बोलतात, पण इथं येऊन त्यांना इतक्या पिढ्या झाल्या, की मूळ गाव कोणतं असं विचारलं तर तीन जण तीन गावं सांगतात. मी साताऱ्याची. चोवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले, तेव्हा ह्या बाहुल्या म्हणजे पोरखेळ आहे असं मी मोठ्यानं म्हणाले होते. ते वाक्य सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत. आता ट्रंक उतरवणं, बाहुल्या पुसणं आणि पायऱ्या बांधणं माझ्याकडे असतं. मांडायचं काम त्यांचं. त्यात कुणी हात घातलेला त्यांना चालत नाही.

"आज नुसतं पुसायचं," त्या खुर्चीवरून म्हणाल्या. "अमावास्येला मांडायचं नाही. राणीला आडवी ठेव, उभी नको."

मी राणीच्या बाहुलीवरचं जुन्या साडीचं फडकं सोडवलं. त्याच्या घडीतून एक कोळी बाहेर आला आणि ट्रंकेच्या झाकणावर आडवा पळत जाऊन थांबला. पायांसकट माझ्या तळहाताएवढा. तपकिरी, चपटा. पोटाखाली त्यानं काहीतरी पांढरं धरलं होतं.

सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अय्यो! हाच तो जेड! हाच माझ्या कपाळावरून फिरला!"

आता कपाळाचं सांगायला हवं. सोमवारी सकाळी वेणी घालताना सासूबाई म्हणाल्या होत्या, उजवीकडे डोकं ठणकतंय, कंगवासुद्धा सोसत नाही. मी म्हटलं, केस ओढले गेले असतील. मंगळवारी संध्याकाळी उजव्या कपाळावर लालसर चट्टा दिसला आणि त्यात बारीक पुळ्या. मी म्हटलं उष्णता, आणि चंदन उगाळून लावलं. बुधवारी सकाळी त्या पुळ्यांचे पाणी भरलेले फोड झाले होते, केसांतून उतरून भुवईपर्यंत. पापणी जरा सुजली होती. तीन दिवसांत तिसरं कारण शोधायची वेळ आली होती, तेवढ्यात ट्रंकेतून कारण चालत बाहेर आलं.

जेड म्हणजे कन्नडमध्ये कोळी. असे फोड आले की इथं म्हणतात, जेड फिरला. आमच्या साताऱ्यात म्हणतात, कोळी मुतला. आमच्या घरात मराठी आणि कन्नडचं फारशा गोष्टींवर एकमत होत नाही, भातात ताक कधी घ्यायचं ह्यावरसुद्धा नाही. ह्या एका बाबतीत मात्र आहे. त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. मलाही नाही.

देवराज मोहल्ल्यातल्या बाजारातून नवरा पायऱ्यांवर अंथरायचं नवं पांढरं कापड घेऊन आला होता. त्यानं कापड टेबलावर टाकलं आणि पायातली चप्पल हातात घेतली.

"थांब," मी म्हटलं. "मारू नकोस."

"पाळायचा आहे का?"

"ओळखायचा आहे. मेलेल्या कोळ्याचे पाय आखडतात, मग तो कुठला ते डॉक्टरलाही कळणार नाही. ती चकल्यांची बरणी दे."

प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी मी त्याच्यावर उपडी घातली आणि खालून लग्नाच्या पत्रिकेचा जाड कागद सरकवला. कोळी एकदा गोल फिरला आणि बसला. झाकण लावून मी त्याला सुईनं चार भोकं पाडली. आता पांढरी वस्तू नीट दिसत होती. पुरीच्या लाटीसारखी चपटी, गोल पिशवी. ती त्यानं सोडली नव्हती.

नवऱ्यानं फोटो काढून फोनवरच्या कुठल्याशा ॲपला विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं, अमेरिकेतला एक भयंकर विषारी कोळी, चावला तर मांस झडतं. दुसऱ्यांदा आलं, घरगुती, निरुपद्रवी. तिसऱ्यांदा आलं, खेकडा.

"मांस झडतं म्हणे," तो हळू आवाजात म्हणाला. पण सासूबाईंचे कान उत्तम आहेत. डोळ्यांचं तसं नाही. डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच अधू झालाय, त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. सगळी भिस्त उजव्यावर. आणि फोड उजवीकडे होते.

"झडू दे," सासूबाई म्हणाल्या. "एवढं मांस आहे कुठं माझ्या कपाळावर?"

शेजारच्या बाई आवाज ऐकून आल्या. त्यांनी बरणी पाहिली, कपाळ पाहिलं आणि निकाल दिला. "जेडच. अज्जी, डॉक्टरकडे जाऊ नका हं. सुई टोचली की उलटतं. बन्नीमंटपाजवळ एक बाई आहेत, मंत्र घालून देतात. तीन दिवस जायचं, तीन दिवस पाणी लावायचं नाही. तोवर मी तुंब्याचा पाला आणते, वाटून लावा."

"बघ," सासूबाई मला म्हणाल्या. "तीन दिवसांत जाईल. उगाच गलाटा नको, गोंधळ नको."

मला मंत्राचं वावडं नाही. माझी अडचण वेगळी होती. विषारी कोळी असेल तर तीन दिवस थांबणं बरोबर नाही, आणि विषारी नसेल तर मंत्र कशाचा? आधी कोळी कुठला ते कळायला हवं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त प्राध्यापक राहतात. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. सगळी गल्ली त्यांना मेष्ट्रु म्हणते, म्हणजे मास्तर. मी सासूबाईंच्या कपाळाचा फोटो काढला, बरणी कापडी पिशवीत ठेवली आणि निघाले.

मेष्ट्रु अंगणात पितरांसाठी काढलेला कावळ्याचा घास संपतोय का ते बघत बसले होते. ट्रंकेत सापडला, असं सांगून मी बरणी पुढे केली आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मला जरा रागच आला.

"नोडम्मा," ते म्हणाले, म्हणजे हे बघ बाई, आणि बरणी उजेडात धरली. पुढचं सगळं बोलणं कन्नडमधून झालं. "पाय कसे आहेत? खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. अंग चपटं, म्हणजे फटीत राहणारा. आता तोंडाकडे बघ. डोळ्यांच्या खाली फिकट पट्टा दिसतो? मिशीसारखा?"

दिसत होता.

"आणि घरात जाळं दिसलं का कुठं ह्याचं?"

"नाही."

"नसणारच. हा जाळं करत नाही. भिंतीवर धावून झुरळं पकडतो. प्रत्येक जुन्या घरात असतो. हा म्हणजे ही, मादी आहे. ती पिशवी अंड्यांची. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती धरून बसते, बहुधा खातही नाही."

"विषारी?"

"झुरळाला. माणसानं दाबलं, पकडलं तर चावते. मधमाशी चावल्यासारखं दुखतं, एका जागी, आणि उतरतं."

"आणि अंगावरून फिरली, मुतली तर फोड?"

ते हसले. "माझी आईही तेच म्हणायची. कोळ्यानं तसे फोड येत नाहीत. एक बारीक किडा असतो, लाल-काळा, पावसाळ्यात दिव्यावर येतो. तो अंगावर चिरडला गेला की कातडी भाजल्यासारखी होते. तो करतो आणि नाव ह्याचं होतं."

मला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे किडा. मी उठायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "फोटो आहे का?"

मी फोन दिला. त्यांनी फोटो मोठा केला. चेहऱ्यावरची मजा गेली.

"दुखायला केव्हा लागलं?"

"सोमवारी."

"आणि पुळ्या?"

"काल संध्याकाळी."

"किडा आधी भाजतो, मग दुखतं. इथं आधी दुखलंय, तेही फोडांच्या दीड दिवस आधी. ट्रंक केव्हा उघडलीत?"

"आज."

हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. मी अगरबत्तीच्या कारखान्यात माल तपासायच्या विभागात काम करते. एखाद्या खोक्यात दोष निघाला, की पहिलं सापडलेलं कारण पकडून बसायचं नाही, तारखा जुळवायच्या, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवत आलेय. घरात मात्र तारखा न जुळवता मी बरणी घेऊन गल्लीभर फिरत होते.

मेष्ट्रुंनी फोटोवर, कपाळाच्या बरोबर मधोमध, नखानं एक उभी रेघ ओढली. सगळे फोड रेघेच्या उजवीकडे होते. डावीकडे एकही नाही.

"कपाळाचा मध्य बघून चालणारा कोळी मी तरी पाहिलेला नाही," ते म्हणाले. "किडाही नाही. मी जनावरांचा मास्तर, माणसांचा डॉक्टर नव्हे. पण हे डोळ्याकडे चाललंय. आजच दाखव. उद्या सण आहे, उद्यावर टाकू नको."

परत येताना मी जवळजवळ पळत होते. कोळ्यावरचा आळ गेला होता, पण त्यामुळे घरात अधिक वाईट असं काहीतरी उरलं होतं आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

घरी तुंब्याचा पाला वाटून तयार होता. हिरवा गोळा वाटीत, वाटी सासूबाईंच्या मांडीवर, आणि शेजारच्या बाईंचं बोट लेपात बुडालेलं.

"लावू नका," मी दारातूनच ओरडले.

बाईंचं बोट हवेत राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "झालं! ही आली कोळ्याची वकील."

"वकीलच. सुटला तो. त्यानं काही केलेलं नाही, मेष्ट्रु सांगतायत. आपण डोळ्यांच्या दवाखान्यात जातोय."

"मी येणार नाही. जेडाला डॉक्टर लागत नाही."

"जेड नाहीच आहे तो!"

"मग फोड काय आभाळातून पडले?"

नवरा म्हणाला, "आई, दाखवायला काय जातंय?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुझा डोळा गेला असता तर गेला असतास का?" ह्याचा अर्थ काय ते मला अजून कळलेलं नाही, पण त्या घाबरल्या होत्या एवढं कळलं. घाबरल्या की त्या भांडतात. मी घाबरले की मीही तेच करते. म्हणून मी आवाज खाली आणला, बरणी पिशवीतून काढली आणि त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली.

त्यांनी चांगल्या डोळ्यानं निरखून पाहिलं. "हे पांढरं काय?"

"अंडी आहेत. पिल्लं निघेपर्यंत ती खातपीत नाही."

त्यांनी बरणी जरा जवळ ओढली. मग म्हणाल्या, "एवढं ओझं धरून ही कशाला बाई माझ्या कपाळावर चढेल?"

"नाहीच चढणार."

"मत्ते?" म्हणजे, मग?

"मग काय ते बघायलाच जाऊ. बन्नीमंटपाच्या बाईंचा मंत्र उद्या घ्या, परवा घ्या, मी स्वतः रिक्षानं नेते. पण आधी डोळा. हा क्रम मी बदलणार नाही."

मला वाटलं शेजारच्या बाई आता रागावून जाणार. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि म्हणाल्या, "अक्का, तुम्ही जा. बाहुल्या मी पुसते." मग सासूबाईंना म्हणाल्या, "अज्जी, मांडत नाही हं, नुसत्या पुसते."

"राणीला उभी करू नकोस," सासूबाई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना सुट्टीमुळे बंद होता. डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई ड्यूटीवर होत्या. त्यांनी कपाळ एका नजरेत पाहिलं आणि मग फार वेळ फक्त डोळा पाहिला. पापणी उलटली. नाकाचा शेंडा टॉर्चनं तपासला. तिथं एक बारीकशी पुळी होती, जी मी सकाळी धूळ समजून सोडून दिली होती. डोळ्यात केशरी रंगाचं औषध घालून निळ्या दिव्याखाली बघितलं. त्या खोलीत सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांना अजून तुंब्याच्या पाल्याचा वास येत होता.

"नागीण आहे," डॉक्टरीणबाई कन्नडमध्ये म्हणाल्या. "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का अज्जी?"

"कुणाला झाल्या नाहीत?"

"त्याचेच जंतू. शिरेत झोपून राहतात आणि म्हातारपणी उठतात. ज्या शिरेत उठले तेवढ्याच पट्ट्यात फोड येतात, एकाच बाजूला."

कन्नडमध्ये नागिणीला सर्पसुत्तु म्हणतात. ते ऐकून सासूबाईंचा चेहरा उतरला. दोन्ही भाषांत हीही समजूत एकच आहे: नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस संपतो. त्यांनी तेच विचारलं.

"कपाळाच्या मधली रेघ ओलांडून ती सहसा जात नाही, अज्जी. मिळणार कुठून? मला काळजी आहे ती डोळ्याची. नाकावर पुळी आली की डोळ्यालाही त्रास होऊ शकतो. आत्ता बुबुळ स्वच्छ आहे. फोड केव्हा आले?"

"काल संध्याकाळी," मी म्हटलं. ह्या वेळी तारखा तयार होत्या.

"मग वेळेत आलात. गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर चांगला उपयोग होतो. पहिली गोळी इथंच घ्या."

तीन दिवस. बन्नीमंटपाच्या बाईंचेही तीनच होते. मी ते बोलून दाखवलं नाही. सासूबाईंच्या लक्षात आलं असावं, कारण गोळी गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शेजारणीला ह्यातलं काही सांगू नकोस. बिचारी पाला शोधत उन्हात फिरली." मला एक मात्र सांगावंच लागणार होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, फोड सुकेपर्यंत गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलांना जवळ येऊ देऊ नका. आणि शेजारच्या बाईंची सून सातव्या महिन्यात होती. मी दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यांना फोन केला. त्या फक्त "बरं झालं सांगितलंत" म्हणाल्या आणि मग म्हणाल्या, बाहुल्या पुसून झाल्या, एका शिपायाची तलवार आधीपासूनच तुटलेली होती, माझ्याकडून नाही.

सात दिवसांच्या गोळ्या, डोळ्यात मलम, आणि एक काम रोजचं: सकाळी अधू डोळा झाकून चांगल्या डोळ्यानं लांबचं वाचायला लावायचं. अक्षरं धूसर झाली, उजेड सोसेना झाला, तर लगेच यायचं, वेळ बघायची नाही.

घरी आल्यावर मी बरणी गच्चीवर नेली आणि पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीला आडवी लावून झाकण काढलं. कोळीण लगेच गेली नाही. मला खाली स्वयंपाक होता, मी बरणी तिथंच सोडून आले. नंतर कपडे काढायला गेले तेव्हा बरणी रिकामी होती. ती मी दोनदा घासून धुतली. तरी नवरा म्हणतो, तिच्यात चकल्या ठेवू नकोस.

संध्याकाळी दुखणं वाढलं. गोळी घेतली म्हणजे लगेच उतरत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण दुखणाऱ्याला ते ऐकवून उपयोग नसतो. सासूबाई आडव्या पडून विचारत राहिल्या, डोळा राहील ना? मी "राहील" म्हटलं नाही. मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आत्ता स्वच्छ आहे. उद्या सकाळी बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी कारखान्यात फोन करून रजा सांगितली. मग सासूबाईंचं तोंड ओल्या कापसानं पुसलं, गोळी दिली आणि त्यांना खिडकीशी उभं केलं. भुवई आणखी सुजली होती. उजवी पापणी मला बोटानं जरा वर धरावी लागली. डाव्या डोळ्यावर मी माझा तळहात ठेवला.

"वाचा."

"काय वाचू?"

"समोरची पाटी."

त्यांनी किराणा दुकानाची पाटी खडाखडा वाचली. मालकाच्या वडिलांच्या नावासकट.

"ती तुम्हाला पाठ आहे. दुसरं काहीतरी."

"पाठ आहे तर मी काय करू? पन्नास वर्षं झाली."

मी समोरचा रस्ता पाहिला. विजेच्या खांबावर कुणीतरी नवा कागद चिकटवला होता, हातानं जाड अक्षरांत लिहिलेला. काल तो नव्हता. मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो, त्यामुळे मलाही त्यात काय आहे ते माहीत नव्हतं. म्हणजे कागद योग्य होता.

"तो खांबावरचा वाचा."

त्यांनी मान पुढे काढली. मी हात पक्का दाबून धरला. त्यांचे ओठ आधी नुसतेच हलले. मी मनात दहापर्यंत मोजलं असेल.

"पाईप फुटलाय म्हणे," त्या म्हणाल्या. "आज दुपारपासून पाणी नाही. उद्याही नाही." मग माझा हात झटकून टाकत म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? पिंप भर आधी!"

मी एक एक अक्षर लावत कागद वाचला. बरोबर तेच लिहिलं होतं. मी कॅलेंडरवर तीन तारखेच्या चौकोनात 'दिसतंय' असं लिहिलं आणि जाऊन मोटर सुरू केली.